पायाभूत घर

राष्ट्र सुखी आहे की नाही, हे राष्ट्राला विचारून समजत नाही. विचारले तर जो तो आपापले रडगाणे गातो, आणि रडगाण्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून सुख मोजावे लागते. मोजलेले सुख तेवढे खरे. न मोजलेल्या सुखाकडे सुज्ञ माणसाने दुर्लक्ष करावे.

आमच्या देशात पूर्वी हे मोजमाप फार ढोबळ होते. वर्षभरात काय काय तयार झाले याची बेरीज करीत, आणि बेरीज वाढली की माणसे सुखी झाली असे जाहीर होई. पायमोजे जास्त विणले गेले म्हणजे पाय उबदार झाले. (पाय थंडच असल्याची तक्रार आल्यास दोष पायांचा धरीत.) या पद्धतीत काही बारीक अडचणी होत्या. एखादा गृहस्थ जिन्यावरून गडगडला की प्लास्टर, कुबड्या, औषधे, टॅक्सीच्या फेऱ्या अशी उलाढाल होऊन राष्ट्र पुढे सरके. तोच गृहस्थ कठडा धरून नीट खाली उतरला तर राष्ट्र जागच्या जागी राही. जपून चालणारा धडधाकट नागरिक हा प्रगतीच्या वाटेतला धोंडा ठरे. मी स्वतः या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून घर चालवते आहे. सासऱ्यांचे लांबलेले अंथरूण, मुलाच्या गोवर-कांजिण्या, रोजचे रांधणे-वाढणे-उष्टी काढणे, या सर्वांची राष्ट्रीय उत्पन्नातील भर शून्य असल्याचे एका अभ्यासू गृहस्थांनी मला नम्रपणे समजावून दिले. ज्या वर्षी माझा उजवा गुडघा मोडला, त्या वर्षी मात्र मी देशाच्या उपयोगी पडले.

ही उणीव सरकारच्या लक्षात आली, हे सरकारला भूषणावह आहे. (किती उशिरा आली याबद्दल मी बोलत नाही, मोठ्या घरात निरोप उशिराच पोचतो.) त्यासाठी ‘जीवनमान व समाधान मापन खाते’ स्थापन झाले. पहिल्या वर्षी खात्याने आपल्याच खुर्च्या आरामशीर आहेत का हे मोजले. दुसऱ्या वर्षी खुर्च्या बदलल्या. तिसऱ्या वर्षी असे निदर्शनास आले की समाधान मोजायला एकक नाही. कापड मोजायला आधी गज लागतो, दूध मोजायला माप लागते. समाधानाला काय लावायचे? तेव्हा विद्वानांनी ठरवले की एक घर निवडावे, त्या घरातले समाधान शंभर धरावे, आणि उरलेल्या देशाचे समाधान त्या घराच्या मानाने मांडावे. अशा घराला पायाभूत घर म्हणतात.

तो मान आमच्या घराला मिळाला. मी तो मागितला नव्हता. मागून मिळतो तो मान नसतो.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे. माणसे चार. एक मी. दुसरे आमचे हे. हे निवृत्त नकाशानवीस असून बोलण्यात ‘हं’ एवढाच शब्द वापरतात. मात्र त्यात होकार, नकार, भूक, शंका आणि माझ्याबद्दलचा आदर असे सर्व अर्थ येतात. तिसरा मुलगा, हवामान खात्यात नोकरीला. उद्या ऊन पडेल का असे विचारले तर तो खिडकीबाहेर न पाहता कागदात पाहतो. चौथी सून. सून लिफ्ट दुरुस्त करते. पुरुषी विजार घालून, पान्हे-पक्कडीची पेटी खांद्याला लावून शहरभर फिरते. याबद्दल मी काही म्हणत नाही. मला म्हणायचे असते ते तिच्या हसण्याबद्दल.

माझी सून हसते. हसण्यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. त्याने ते ऐकलेले नाही. आमच्या लिफ्टच्या खोबणीत उभी राहून ती हसली की तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळते की ती कामावरून आली. या घरात हसायचे झाल्यास दार लावून हसावे, असे मी तिला पहिल्याच आठवड्यात बजावले होते. तिने मुकाट्याने दार लावले आणि आत जाऊन हसली. दाराचा काही उपयोग झाला नाही.

खात्याचे मोजणी अधिकारी आले तेव्हा आम्ही चौघेही घरात होतो. अधिकारी उंच, सडपातळ, आणि खिशात कायम फूटपट्टी. सुनेने त्यांचे नाव ‘फूटपट्टी’ ठेवले. त्याबद्दल मी तिला चांगले फैलावर घेतले, आणि तेव्हापासून मीही त्यांना फूटपट्टीच म्हणते.

“आजी, आपण समाधानी आहात का?” त्यांनी दारातूनच विचारले.

“आमच्याकडे असले प्रश्न विचारत नाहीत,” मी म्हणाले. “आत या. जोडे बाहेर. आणि पाठ सरळ ठेवून बसा.”

ते जोडे काढून, पाठ सरळ करून बसले. मग त्यांनी यांना विचारले, “आजोबा, आपण?”

“ते समाधानी आहेत,” मी म्हणाले.

“हं,” हे म्हणाले.

मुलाला विचारले, त्याचेही उत्तर मी दिले. सुनेला विचारले, तिचेही दिलेच असते. पण तेवढ्यात ती हसली. फूटपट्टीच्या मांडीवरच्या समाधानमापक यंत्राचा काटा जो उजवीकडे गेला तो बराच वेळ परत आला नाही. साहेबांनी यंत्र दोनदा आपटून पाहिले.

इतर घरांत त्यांना रोज वेगळे उत्तर मिळे: सोमवारी सुखी, मंगळवारी भांडण, बुधवारी माहेरी. आमच्या घरात उत्तर एकच, आणि तेही एकाच तोंडून. पाया म्हणतात तो असाच हवा. महिन्याभरात दारावर पितळी पाटी लागली: ‘पायाभूत घर. समाधान १००. कृपया हलवू नये.’

या शंभराची फोड खात्याने मला दाखवली, आणि येथे मला प्रथम खात्याच्या शास्त्राबद्दल शंका आली. फोड अशी होती: सुनेचे हसणे एकसष्ट, खिडकीतले ऊन चौदा, चालू लिफ्ट नऊ, आजोबांचे ‘हं’ नऊ, आणि आजींची शिस्त (व इतर) सात.

सात! तेही कंसात ‘व इतर’ टाकून. ज्या शिस्तीवर हे घर उभे आहे तिला सात, आणि ज्या खिदळण्याने ते हलते त्याला एकसष्ट. मी फूटपट्टीला विचारले, “हे ‘इतर’ कोण?” ते म्हणाले, “माठ, दोन कुंड्या आणि भिंतीवरचं घड्याळ, आजी.” मी त्या दिवशी त्यांना चहा दिला, बशी दिली नाही.

देशाचे सरासरी समाधान त्या वेळी आमच्या शंभरावर त्र्याऐंशी भरले. म्हणजे देशातले सर्वसाधारण घर आमच्या घराच्या मानाने शेकडा सतरा उणे. मला हा आकडा योग्य वाटला. किंचित उदारच वाटला. मंत्र्यांना मात्र तो आवडला नाही. त्यांनी खात्याच्या संचालकांना त्र्याऐंशीचे लवकरात लवकर शंभर करण्यास फर्मावले. आता कोट्यवधी घरांत समाधान वाढवायचे म्हणजे नळ, दवाखाने, शाळा, रस्ते, आणि शिवाय नवराबायको. हे कोणत्याही एका खात्याच्या आवाक्याबाहेरचे काम. संचालकांनी मात्र, त्यांच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे, भागाकाराकडे पाहिले. देशाचा आकडा आमच्या घराने भागून निघतो. वरचा आकडा वाढवणे कठीण असेल तर खालचा कमी करावा. कोट्यवधी घरे सुधारण्यापेक्षा एक घर बिघडवणे केव्हाही सोपे, आणि ते घर सरकारच्या ताब्यातलेच होते.

कामाला शास्त्रशुद्ध सुरुवात झाली. आमच्या खिडकीसमोर सरकारी फलक उभारण्यात आला. त्यावर ठळक अक्षरांत ‘समाधान वाढत आहे’ असे लिहिलेले असून रस्त्यावरून ते फार छान दिसते, असे सर्वांनी सांगितले. आम्हांला आतून फलकाची पाठ, चार लोखंडी दांड्या आणि एक कबूतर दिसे. ऊन गेले. चौदा गुण वजा. देशाचे समाधान एका दुपारीत शहाण्णवच्या पुढे गेले. ज्यांचे ते वाढले त्यांना कळवण्याची तरतूद नव्हती. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना वर्तमानपत्र वाचण्याची सवय असल्याने त्या पेढ्यासारखे तोंड करून आमच्या दारात आल्या.

“आजी, तुमच्याकडे ऊन बंद झालं म्हणे? आमचे तेरा वाढले हो! कसे आभार मानू?”

“तुमची तुंबलेली मोरी उघडली का?” मी विचारले.

“छे हो! ती तशीच आहे. पण आता तिचं काही वाटत नाही.”

मग आमच्या इमारतीची लिफ्ट बंद करण्याचा आदेश आला. कारण: पायाभूत आजींचा गुडघा. तीन जिने मी कण्हत चढले की राष्ट्राला नऊ गुणांचा हातभार लागणार होता. मी चढले. कण्हले नाही. तसे कण्हणे आदेशात स्पष्टपणे नमूद नव्हते.

येथे सुनेने राष्ट्रहिताच्या आड यायला सुरुवात केली. सकाळी खात्याचा माणूस येऊन लिफ्ट बंद करी. संध्याकाळी ती कामावरून आली की पेटी उघडून खोबणीत उतरे आणि लिफ्ट चालू करी. चालू झाल्यावर हसे. सातव्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. मी दारात उभी राहून तिला म्हणे, “अगं, हा सरकारी आदेश आहे.”

“असू दे की, आई. लिफ्टला वाचता येत नाही.”

“आणि खोबणीत उभं राहून हसू नये. इमारतीतली माणसं झोपलेली असतात.”

“संध्याकाळी सहाला कोण झोपतं? बसा आत. चला, वर-खाली एक चक्कर मारू.”

मी तिला सांगितले की माझ्यासारख्या बाईने विनाकारण लिफ्टमध्ये चकरा मारणे शोभत नाही. मग आम्ही सातव्या मजल्यापर्यंत जाऊन आलो. लिफ्ट नीट चालते की नाही याची खात्री कोणीतरी ज्येष्ठ माणसाने केलेली बरी.

या खेळात देशाचा आकडा रोज सकाळी एकशेसातवर जाई आणि रोज संध्याकाळी शहाण्णववर येई. अशा चढउतारांनी राष्ट्राला भोवळ येते, असे संचालकांचे मत पडले. त्यांनी फोड पुन्हा काढून पाहिली. लिफ्टचे नऊ आणि हसण्याचे एकसष्ट, दोन्हींचे मूळ एकच. मूळ उपटले की काम झाले. सुनेची बदली करता येईना, कारण ती सरकारी नोकरीत नाही. पण मुलगा होता. त्याची बदली देशाच्या पार टोकाला, एका खडकावरच्या वेधशाळेत झाली. तेथे एक वाऱ्याचे यंत्र, एक दिवा आणि काही बकऱ्या आहेत. आदेशात कारण दिले होते, ‘जनतेचे समाधान’. यापेक्षा उदात्त कारणासाठी कोणाच्या मुलाची बदली झाल्याचे मी ऐकलेले नाही.

नवऱ्याबरोबर बायकोने जावे, हा नियम मीच या घरात पाळत आले. तो आता मोडायला कोणत्या तोंडाने सांगणार?

निघताना सून माझ्यापुढे वाकली. “गुडघ्याला तेल लावत जा, आई. आणि जिना चढताना उजवीकडच्या कठड्याला धरा, डावीकडच्या नको, तो हलतो.”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. “आणि तिथं मोठ्यानं हसू नकोस. वाऱ्याचं यंत्र बिघडेल.”

ती जिन्यावरून हसत खाली गेली. लिफ्ट त्या दिवशी बंदच होती.

सुंठीवाचून खोकला गेला, असे समोरच्या बाई म्हणाल्या. माझेही म्हणणे तेच होते. घरात आता कोणी दार आपटत नव्हते, तेलकट पान्हे माझ्या ओट्यावर ठेवत नव्हते. चहाच्या वेळी सवयीने चार कप मांडले जात; सवय ही शिस्तीचीच बहीण असल्याने मी तिला हटकले नाही. जास्तीचे दोन कप मी विसळून पुन्हा जागेवर ठेवी.

देशाने मात्र या काळात जी झेप घेतली ती पाहून शत्रूनेही तोंडात बोट घालावे. आमच्या घराचे सोळा गुण उरले आणि देशाचे समाधान पाचशे अठरा झाले. खात्याच्या अहवालानुसार शेजारसौख्य सहापट झाले, मुलांची भूक सुधारली आणि रांगेत उभ्या असलेल्या नागरिकांच्या चेहऱ्यांवर ‘एक प्रकारचे तेज’ आढळले. (रांगांची लांबी तेवढीच होती, पण लांबी हा आर्थिक विषय असून या खात्याकडे येत नाही.) दवाखान्याच्या ओसरीवर झोपलेल्या रुग्णांनाही ते पूर्वीपेक्षा सहापट सुखी असल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, काहींनी मान वळवून पाहिल्याची नोंद आहे. संचालकांना पदक मिळाले.

मग यांचे ‘हं’ बंद झाले.

आधी मला वाटले घसा धरला असेल. काढा दिला. संध्याकाळी सहा वाजले की हे खुर्ची दाराकडे वळवून बसत. लिफ्ट बंद, तेव्हा ऐकण्यासारखे काही नव्हते, तरी बसत. एकदा मी विचारले, “काय पाहताय?” यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले,

“घर मोठं झालंय.”

कित्येक वर्षांत यांनी उच्चारलेले हे पहिले पूर्ण वाक्य. आमचे घर तीन खोल्यांचे आहे आणि तेवढेच होते. पण यांचा सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. मोजमापात यांची चूक होत नाही.

‘हं’चे नऊ गेले. घराचे उरले सात. देशाचा आकडा अकराशे पंच्याऐंशी झाला. म्हणजे आता एवढा अवाढव्य देश नुसता माझ्या शिस्तीवर (व माठ, कुंड्या आणि घड्याळावर) उभा होता. फूटपट्टी येऊन हात जोडून म्हणाले, “आजी, आता तुम्ही तेवढं खचू नका. शून्यानं भागता येत नाही.” मला पहिल्या दिवसापासून हेच म्हणायचे होते, पण सात जाहीर झाल्यावर कोणी ऐकून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचे लुगडे नेसले आणि खात्याच्या कचेरीत गेले. सून परत हवी, असे सांगायला मी गेले असते तर संचालकांनी ते ताबडतोब अहवालात घातले असते: ‘पायाभूत सासू झुरते, देशाची प्रगती कायम.’ माझ्यासारख्या बाईने सरकारी कचेरीत जाऊन झुरणे हे आमच्या घराण्यात बसत नाही. शिवाय भागाकार मलाही येतो.

संचालकांच्या खोलीत भिंतीवर मोठा अंकफलक आहे. त्यावर ११८५ झळकत होते. संचालक उठून उभे राहिले.

“या, या आजी! काही तक्रार?”

“तक्रार कसली? मी आभार मानायला आले आहे,” मी म्हणाले. “सूनबाई गेल्यापासून मी इतकी सुखी कधीच नव्हते.”

संचालक हळूच खाली बसले. “म्हणजे?”

“म्हणजे घर कसं शांत. जिथली वस्तू तिथं. झोप अशी लागते की विचारू नका. या वयात एवढं सुख सोसेल की नाही, अशी भीती वाटते.”

“अहो, पण... तुम्हांला तिची आठवण वगैरे?”

“माझ्या शत्रूला येवो.”

“हे नुसतं तोंडी चालणार नाही, आजी,” संचालक घाम पुसत म्हणाले. “खातं शास्त्रावर चालतं. पुरावा लागतो. फू... म्हणजे, साहेब, यंत्र आणा.”

फूटपट्टीने यंत्र आणून माझ्यासमोर ठेवले. काटा सातावर होता. मी पाठ सरळ केली आणि हसले.

सुनेचे हसणे मी कित्येक वर्षे बारकाईने ऐकले आहे; अर्थात, त्यावर आक्षेप घेता यावा म्हणून. ते कोठे सुरू होते, मध्ये कोठे अडखळते, श्वास कोठे घेते आणि संपले असे वाटत असताना पुन्हा कसे उसळते, हे सगळे मला पाठ आहे. मी ते जसेच्या तसे हसले. बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. काटा एकसष्ट घरे उजवीकडे सरकला. भिंतीवरचे ११८५ फडफडले आणि त्या जागी १२२ आले.

“बास, बास, आजी!” संचालक ओरडले. “अहो, उद्या मंत्रीसाहेब परदेशात भाषणाला चाललेत! आकडा छापून झालाय!”

“आनंद आवरत नाही, त्याला मी काय करू?” मी म्हणाले आणि आणखी थोडी हसले. अति झाले की हसू येते म्हणतात ते खरे आहे. फक्त डोळ्यांतून पाणी का येते याचे शास्त्र त्यांच्याकडे नव्हते. मी पदर डोळ्यांना लावला. फूटपट्टीने ते पाहिले. त्यांनी यंत्राकडे पाहिले, संचालकांकडे पाहिले, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “साहेब, आजींचा आनंद उत्तरोत्तर वाढतोय. सुनेला परत आणल्याशिवाय तो कमी होईल असं मला वाटत नाही.”

त्या दिवसापासून त्यांना आमच्याकडे बशी मिळते.

आदेश त्याच संध्याकाळी निघाला. त्यातील मुख्य कलम मी तोंडपाठ सांगू शकते: ‘ज्याअर्थी पायाभूत सासू अनपेक्षितपणे सुखी असल्याचे आढळून आले आहे, आणि ज्याअर्थी सदर सुख जनतेच्या समाधानास बाधक आहे, त्याअर्थी सदर सासूस पुरेसा त्रास व्हावा म्हणून तिच्या सुनेस सपत्नीक, दुरुस्ती: सपतिक, तातडीने मूळ घरी रुजू करण्यात येत आहे. यापुढे सुनेचे हसणे ‘हास्य’ या सदरात न धरता ‘गोंगाट’ या सदरात धरावे, आणि त्याचे मोजमाप ऐकणाऱ्या ज्येष्ठतम स्त्रीच्या चेहऱ्यावरून करावे.’

अशा रीतीने माझी सून सरकारमान्य त्रास झाली. त्रास, वर्ग दोन. वर्ग एकचा त्रास कोण, असे मी फूटपट्टीला विचारले तेव्हा ते खिडकीबाहेरच्या कबुतराकडे पाहू लागले.

आठवड्याने दोघे आली तेव्हा सहा वाजले होते. पेटी खांद्यावरून उतरवायच्या आधीच सून म्हणाली, “आई, तुम्ही कचेरीत जाऊन हसलात म्हणे?”

“कोण म्हणालं?”

“आदेशात छापलंय. ‘पायाभूत सासू मोठ्याने हसली.’ माझ्यासारखंच, म्हणे.”

“छापील गोष्टींवर विश्वास ठेवू नये,” मी म्हणाले. “आणि दारात उभी राहू नकोस. लिफ्ट बघ आधी. त्या लिफ्टच्या खडखडाटाचाही मला त्रास होतो, असं मी लेखी दिलंय, त्यामुळे ती चालू ठेवायला आता हरकत नाही.”

ती जी हसली ते सातव्या मजल्यापर्यंत गेले. समोरच्या बाईंनी दार उघडून विचारले, “आता आमचे वाढणार की कमी होणार हो?”

“हं,” हे म्हणाले आणि खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवून बसले.

तेव्हापासून दर बुधवारी फूटपट्टी मोजणीला येतात. सून हसते. मी कपाळाला आठ्या घालते, ओठ आवळते, आणि काटा खाली राहतो. आठ्या कमी पडल्या तर सून पुन्हा खडकावर जाईल, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे बुधवारखेरीज इतर दिवशीही मी हात सैल सोडत नाही. मी फार कडक आहे, माझ्या चेहऱ्यावरची रेघ कधी हलत नाही, असे लोक म्हणतात. म्हणोत. पुढच्या महिन्यात उन्हाने माझे डोळे दिपतात असे कळवून खिडकीसमोरचा फलक हलवून घेण्याचा विचार आहे.

आता तुमच्याविषयी. हे वाचताना, बहुधा फलकापाशी किंवा जिन्यापाशी, ‘काय एकेक घरं असतात! त्या मानानं आपलं बरं आहे’ असे तुमच्या मनात येऊन गेले असेल. तुमचा नळ तेव्हाही गळत होता आणि आताही गळतो आहे. पण तेवढ्या वेळात तुमचे समाधान साधारण चार गुणांनी वाढले आणि ते खात्याकडे जमा झाले. वेगळी मोजणी करायला तुमच्याकडे कोणी येणार नाही. आणि असे काही मनात आलेच नसेल, उलट आपले घर याहून वाईट आहे असे वाटले असेल, तर कृपया पत्ता कळवा. माझे वय झाले आहे. खाते नव्या पायाच्या शोधात आहे.